त्या कार्डावरची ‘हिंदू’ बाई कोण?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीत तुमच्या शेजारच्या एका घरातलं जुनं सामान विक्रीला निघालं, त्यात तुम्हाला कापडी बांधणीचा एक अल्बम मिळाला. आत साठ-सत्तर ट्रेड कार्डं, म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकांना वाटत ती छोटी रंगीत जाहिरातीची चित्रकार्डं, जवळजवळ सगळी खळीने चिकटवलेली. हुक्का ओढणाऱ्या बायका, पंखे घेतलेल्या जपानी मुली, गारुडी, हत्ती, लांब वेणीचे चिनी. एका कार्डाखाली जुन्या इंग्रजी स्पेलिंगने ‘हिंदू’ असं छापलंय. ही बाई खरंच आपल्याकडची आहे का, कार्डं किती जुनी असतील, आणि पाण्यात भिजवून सोडवली तर दिवाणखान्यात फ्रेम करून लावता येतील का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या मुलीचं मत वेगळं आहे: ‘आई, हे रेसिस्ट आहे, फेकून दे.’

पाण्यात घालू नका. एवढं आत्ताच ऐका, बाकीचं सावकाश सांगते.

तुम्ही पाठवलेला स्कॅन मी मोठा करून पाहिला. बाईच्या डोक्यावर मोत्यांची सर लावलेली तुर्की टोपी. अंगात आखूड जाकीट, अल्जीरियातल्या त्या काळच्या फोटोंमध्ये दिसतं तसं. खाली घोळदार सलवार, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचा शेला. खांद्यावर घडा आहे, पण तो दोन कानांचा, ग्रीक भांड्यासारखा. मागे खजूर, खजुरामागे घुमट आणि घुमटाशेजारी अंबारी घातलेला हत्ती. त्या हत्तीचे कान बघा. खांदा झाकून टाकतील एवढे मोठे. आपण गणपतीला शूर्पकर्ण म्हणतो खरे, पण आपल्या हत्तीचे कान त्या मानाने बेताचेच असतात. हा हत्ती आफ्रिकेतला आहे. आफ्रिकन हत्तीवर आपली अंबारी चढवली, समोर तुर्की टोपीतली बाई उभी केली आणि खाली ‘हिंदू’ लिहून टाकलं. त्या काळच्या अमेरिकन बोलीत ‘हिंदू’ म्हणजे हिंदुस्थानातला कोणीही. धर्माशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

कानांची ही चूक जुन्या कार्डांचं वय ठरवणाऱ्या माझ्यासारखीला उपयोगी पडते. १८८२ साली सर्कसवाल्या बार्नमने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जंबो नावाचा प्रचंड आफ्रिकन हत्ती विकत घेतला आणि न्यूयॉर्कला आणला. इंग्लंडात त्यावरून आरडाओरडा झाला, अमेरिकेत जंबोची लाट आली. विलीमँटिक नावाच्या दोरा कंपनीच्या कार्डावर तर आमच्या दोऱ्याने ओढला म्हणूनच जंबो निघाला, अशी जाहिरात होती. १८८५ च्या सप्टेंबरात कॅनडात रेल्वेच्या धडकेने तो मेला. मधल्या तीन-साडेतीन वर्षांत अमेरिकन चित्रकाराच्या डोळ्यासमोर हत्ती म्हणजे जंबो असायचा. असे कान दिसले की मी कार्ड १८८२ नंतरचं धरते.

तर ती बाई आपल्याकडची नाही. पण ती तुर्की किंवा अल्जीरियनही नाही. ती कुणाचं चित्र म्हणून काढलेलीच नव्हती. हे समजायला वाण्याचं कॅलेंडर आठवा. दिवाळीच्या सुमारास वाणी लक्ष्मीचं कॅलेंडर द्यायचा, खाली लाल पट्टीत ‘अमुक किराणा भांडार, आमचे येथे सर्व प्रकारचे धान्य मिळेल’. त्या लक्ष्मीचा वाण्याशी संबंध एवढाच, की छापखान्याच्या नमुन्यांच्या गठ्ठ्यातून त्याने ती निवडली. समोरच्या औषधवाल्यानेही तीच निवडलेली असायची. लग्नपत्रिकांच्या दुकानात आजही हेच चालतं: गणपती, डोली, सनई तयार असते, आपण फक्त नावं घालून घ्यायची.

ट्रेड कार्डांचा धंदा असाच होता. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाचे मोठे शिळाछापखाने अशी चित्रं हजारोंनी छापून ठेवत. एखादी पट्टी कोरी सोडलेली असे, किंवा अख्खी मागची बाजू कोरी असे. गावातला दुकानदार शेकड्याने कार्डं घेई आणि आपल्या ओळखीच्या छापखान्यातून त्यावर नाव मारून घेई. हे दोन वेगळे छापखाने आजही बोटाला कळतात. चित्र दगडावरून उतरलेलं असतं, ते सपाट लागतं. दुकानाचं नाव खिळे जुळवून दाबलेलं असतं. उलट्या बाजूने अंगठा फिरवला तर अक्षरांचा दाब जाणवतो. स्वतःसाठी खास चित्र काढून घेणाऱ्या मोठ्या कंपन्याही होत्या, त्यांच्याकडे येतेच. पण तुमच्या अल्बमसारख्या गोळा केलेल्या चळतीत बराचसा माल तयार नमुन्यांचाच असतो.

माझ्याकडे एकाच चित्राची तीन कार्डं आहेत. गालिच्यावर लोड, लोडावर रेललेली जनानखान्यातली बाई, हातात मोरपिसांचा पंखा. पहिल्यावर बुटांच्या दुकानाचं नाव आहे. दुसऱ्यावर यकृताच्या औषधाचं. तिसरं कोरं आहे, आणि मला ते तिन्हीत जास्त आवडतं, कारण ते नमुन्याच्या गठ्ठ्यातून थेट आलंय, कुणीही न निवडता. विद्यार्थ्यांना मी ही तीन कार्डं ओळीने मांडून दाखवते आणि विचारते, यात पूर्व कुठे आहे? बुटात, औषधात की कोऱ्या पट्टीत? पहिल्यांदा सगळे बाईकडेच बघत बसतात.

ही कार्डं निघाली कशी, तेही जरा सांगायला हवं, कारण चित्रातल्या पुष्कळ गोष्टी छपाईमुळेच तशा झाल्यात. दगडावरून छापायची युक्ती अठराव्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात सेनेफेल्डरने काढली, आणि रंगीत शिळाछापाचं पेटंट १८३७ साली म्यूलूझच्या एंगलमानने घेतलं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आठ रंग म्हणजे आठ दगड, एकच ताव आठ वेळा मशीनमधून जायचा, आणि प्रत्येक वेळी चित्र नेमकं आधीच्यावर बसायला हवं. छापखान्यातले लोक याला रजिस्टर म्हणतात. तुमच्या स्कॅनमध्ये बाईचे ओठ किंचित उजवीकडे सरकलेत ना, ते रजिस्टर हललंय. दहापट भिंगाखाली गालाचा भाग बघा. पेनाने एकेक टाकलेले वेडेवाकडे ठिपके दिसतील. ते एकसारख्या जाळीत, फुलासारखे ओळीने दिसले, तर ते नंतरचं फोटो-छपाईचं पुनर्मुद्रण समजा. बाजारात अशी पुष्कळ फिरतात.

पैसे वाचवायला एका मोठ्या तावावर वेगवेगळी कार्डं शेजारी शेजारी छापत आणि मग कापत. दगड सगळ्यांना तेच. शेजारच्या कार्डावरच्या सोनेरी केसांच्या गुटगुटीत मुलीच्या गालाला जो गुलाबी, तोच या ‘हिंदू’ बाईच्या दंडाला. तुमच्या अल्बममधल्या ‘पौर्वात्य’ बायका बहुतेक सगळ्या गोऱ्यापान का, याचं एक कारण हे. दुसरं कारण गिऱ्हाईक. जनानखान्यातली गोरी बाई हे युरोपातल्या चित्रकारांचं जुनं स्वप्न होतं, आणि घराघरांत जाणाऱ्या कार्डावर तेच चालायचं. पुरुष मात्र सावळे छापलेले दिसतील. भालदार, गारुडी, पंखा वारणारा. त्यांच्यासाठी तपकिरी दगडाचा खर्च केलेला असतो.

चित्रकाराला मसाला कुठून मिळायचा? छापखान्याच्या चित्रशाळेत बसलेल्या माणसाने कैरो पाहिलेलं नसायचं आणि मुंबईही. त्याच्याजवळ कात्रणांची फाइल असायची: सचित्र साप्ताहिकं, पोशाखांची पुस्तकं, गाजलेल्या तैलचित्रांच्या छापील प्रती. पॅरिसचा चित्रकार झेरोम हा चित्रांच्या प्रती छापून विकणाऱ्या गुपिल या बड्या व्यापाऱ्याचा जावई. त्यामुळे त्याची तुर्की-इजिप्ती दृश्यं छापील रूपात अमेरिकेपर्यंत पोचली. त्याचं १८७९ च्या सुमाराचं ‘गारुडी’ हे चित्र प्रसिद्ध आहे. भिंतीवर इस्तंबूलच्या राजवाड्यातल्या निळ्या फरशा, पुढे नागडा पोरगा आणि अजगर, भिंतीला टेकून बघणारे शस्त्रधारी. फरशांची नक्षी इतकी बारकाईने काढलीय की आपण बाकीचंही खरं मानतो. पश्चिमेने पूर्वेचं चित्र कसं रंगवलं याची चिकित्सा करणाऱ्या एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र आलं, त्यामुळे विद्यापीठातल्या लोकांना ते पाठ असतं. कार्डांवर त्याचे उष्टे तुकडे सापडतात. कुठे तो अजगर, कुठे ती ढाल.

आणि फोटो. फोटो म्हणजे तरी खरं असं म्हणाल, तर आपल्या मुंबईचंच उदाहरण देते. विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक दोन खंडांत काढलं, १८६३ आणि १८६६ साली. दुसरा खंड महाराष्ट्राचा. त्यात माणसांचे फोटो स्टुडिओत घेतले आणि कापून मुंबईच्या निरनिराळ्या देखाव्यांवर बसवले. समुद्रकिनारा एकीकडचा, माणसं दुसरीकडची. नीट पाहिलं तर पायाखालची सावली जुळत नाही. गडबड मुंबईतच झाली होती, न्यूयॉर्कच्या चित्रकाराने ती फक्त आणखी चार पावलं पुढे नेली.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तर अख्खा रस्ताच उभा केला, ‘रू द्यू कैर’, कैरोची गल्ली. भिंती जुन्या वाटाव्यात म्हणून रंग मुद्दाम मळवला होता. कैरोहून पन्नास गाढवं आणली, गाढवं हाकणाऱ्यांसकट. मशिदीचा दर्शनी भाग हुबेहूब केला, पण आत शिरलं की कॉफीगृह आणि नाचणाऱ्या मुली. पाहायला आलेले खरे इजिप्ती पाहुणे शरमून बाहेर पडले, अशी नोंद आहे. चारच वर्षांनी शिकागोच्या प्रदर्शनात तशीच गल्ली झाली, आणि अमेरिकेतल्या जाहिरातींत पोट हलवत नाचणारी बाई शिरली. तुमच्या अल्बममध्ये तशी एकही दिसली नाही, त्यावरूनही वाटतं की हा संग्रह १८९३ च्या आधीच पुरा झालेला असावा.

आता तुमच्या बाकीच्या पानांकडे येते. सगळ्या परक्यांना एकाच मापाने काढलेलं नाही, आणि मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

जपानी मुली बघा. पंखा, छत्री, चेरीचा बहर, गोड चेहरे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जपानने आपली भांडी आणि लाकूडकाम मांडलं तेव्हापासून अमेरिकन बैठकींना जपानी वस्तूंचं वेड लागलं. १८८५ साली लंडनमध्ये ‘मिकाडो’ ही संगीत नाटिका रंगमंचावर आली, त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही, आणि तिच्यातल्या तीन शाळकरी मुली दोऱ्यापासून साबणापर्यंत सगळ्यावर झळकल्या. तुमच्या नवव्या पानावरच्या तिघी त्याच असाव्यात. त्यांचे चेहरे नीट पाहिलेत का? किमोनोतल्या इंग्लिश नट्या आहेत त्या.

पुढच्याच पानावर चिनी माणूस आहे. वेणी धरून त्याला फरफटत नेताहेत. हे गोड नाही. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा कायदा १८८२ सालचा. १८८६ मध्ये इलिनॉयमधल्या डिक्सन गावच्या जॉर्ज डी नावाच्या कारखानदाराने ‘मॅजिक वॉशर’ या धुलाईच्या वस्तूसाठी कार्ड काढलं: अंकल सॅम चिनी माणसाला लाथ मारून हाकलतोय, आणि वर ‘चिन्यांनी गेलंच पाहिजे’ ही त्या काळची घोषणा. चिनी धोबी गल्लीत दुकान टाकून होता, त्याच्याशी धंद्याची स्पर्धा होती. जपानी मुलगी, तुर्की बेगम, हिंदुस्थानी राजा हे लांब होते, त्यांचं कुणाच्या पोटावर पाय देणं नव्हतं, म्हणून त्यांच्या वाट्याला मखमल आली. हिंदुस्थानी मजूर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचले आणि १९०७ मध्ये बेलिंगहॅमला त्यांनाही मारून पळवून लावलं. तोवर कार्डांचा जमाना संपलेला होता, नाहीतर आपल्याही नशिबी तसलं कार्ड होतंच.

खास चित्र काढून घेणाऱ्या कंपन्यांमध्ये दोन नावं तुमच्या अल्बममध्ये आहेत. कॉफीवाल्या आर्बकल बंधूंची चार कार्डं. पुडक्यात कार्ड घालायचं आणि पन्नासांचा संच पुरा करायला लावायचा, ही त्यांची पद्धत. १८८९ मध्ये नकाशे, १८९१ मध्ये जगप्रवासातली दृश्यं, १८९३ मध्ये सगळ्या राष्ट्रांचे खेळ. छपाई न्यूयॉर्कच्या डोनाल्डसन बंधूंची, काम अगदी नेटकं. दुसरं सिंगरचं. सिंगरने १८९२ मध्ये देशोदेशीच्या पोशाखांची मालिका काढली आणि ती शिकागो प्रदर्शनातही वाटली. मध्यभागी शिवणयंत्र, भोवती त्या त्या देशाच्या कपड्यातली माणसं, मागे देशाची माहिती. हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश, झुलूलँड सगळे त्यात आहेत. पोशाख इथे बरेच बरोबर आहेत, कारण काही चित्रं फोटोंवरून केलीत. पण मांडणी बघा: माणसं जागच्या जागी थांबलेली, जणू हजार वर्षं तशीच उभी होती, आणि मशीन एकटं आत्ताच आलेलं.

प्रत्यक्षात सिंगरचा हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनचा कारभार अनेक वर्षं मुंबईचे एक पारशी गृहस्थ, एन. एम. पटेल, सांभाळत होते. मशीन घेणारे मुख्यतः शिंपी. हप्ते, वसुली, दुरुस्ती, हाताखालचे एजंट, सगळा चोख मुंबई व्यवहार. कार्डावर यातलं काहीही नाही. पारशी पगडीतला मॅनेजर हिशेबाची वही उघडून बसलाय, हे चित्र मालिकेत कुठेच बसलं नसतं.

युरोपातल्या कार्डांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तुमच्याकडे एकच आहे. ते लीबिगचं. उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस इथे गुरांच्या मांसाचा अर्क काढणारी ही कंपनी १८७० च्या दशकापासून पुढे जवळजवळ शंभर वर्षं कार्डं काढत होती, बहुधा सहा-सहाच्या संचात, वेगवेगळ्या भाषांत. कोपऱ्यात अर्काची बरणी नेहमी असते. राजाच्या दरबारातही, पिरॅमिडच्या पायथ्याशीही. पॅरिसच्या बोन मार्शे या दुकानाची कार्डं सोनेरी पार्श्वभूमीवर छापलेली असत आणि आईबरोबर आलेल्या मुलांना मिळत. मुलांच्या हाती हा सगळा पूर्वेकडचा मसाला असा शाळेबाहेरच पडायचा.

आता एक गोष्ट सांगते, जी तुम्ही न्यू जर्सीच्या म्हणून खास. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या आणि तुमच्याच राज्यातल्या रोसेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. तिथून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात. म्हणजे हा अल्बम ज्या वर्षांत भरत होता, त्याच वर्षांत, जवळपासच्याच रस्त्यांवर, अठरा-एकोणीस वर्षांची एक मराठी मुलगी लुगड्यात वावरत होती. तिने दुकानात जाऊन सुई-दोरा घेतला असेल, तर असं एखादं कार्ड तिच्याही हातात पडलं असणार.

कॉलेजातला तो फोटो तुम्ही पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५. डावीकडे लुगड्यातल्या आनंदीबाई, मध्ये किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सिरियाच्या सबात इस्लामबुली, कपाळावर दागिना. हा फोटो मी पहिल्यांदा नीट न्याहाळला तेव्हा दचकले, कारण मांडणी थेट ट्रेड कार्डांची आहे. हिंदुस्थान, जपान, तुर्की साम्राज्य, तिघी आपापल्या पोशाखात, एका ओळीत. कॉलेजने त्यांना तसं बसवलं तेव्हा बघणाऱ्यांच्या डोक्यात तीच कार्डं असणार. फरक खाली आहे. फोटोखाली तिघींची नावं आणि गावं टाइप केलेली आहेत, आणि आधी ‘डॉक्टर’. स्पेलिंगं चुकलीत, आनंदीबाई जिथून निघाल्या त्या बंगालमधल्या सेरामपूरचं तर भलतंच काहीतरी झालंय, इस्लामबुलींच्या नावाचं पहिलं अक्षरही वेगळंच पडलंय. तरी नावं आहेत. आनंदीबाई १८८६ मध्ये पास झाल्या, ओकामी १८८९ मध्ये, इस्लामबुली १८९० मध्ये. तुमच्या अल्बमातल्या साठ-सत्तर कार्डांत एकाही माणसाला नाव नाही, जंबो सोडून.

कार्डं सोडवायचं आता. माझ्या उमेदवारीच्या पहिल्या वर्षी मी असंच एक कार्ड कोमट पाण्यात सोडलं होतं. खळ म्हणजे पिठाची, पाण्यात सुटतेच, असा माझा हिशोब. खळ सुटली, पण चित्रावरचं चमकदार अस्तर डिंकाचं होतं, तेही सुटलं आणि चेहऱ्यावर पांढुरक्या पापडीसारखं जमलं. सोनेरी नक्षी पितळेच्या पुडीची होती, ती बोटाला लागली. ते कार्ड मी अजून ठेवलंय, नव्या मुलांना दाखवायला. तेलाची शाई पाण्याला दाद देत नाही, हे खरं. पण शाईच्या वर आणि खाली काय काय आहे ते बघितल्याशिवाय पाणी लावायचं नसतं. सोडवायचंच झालं, तर मिथाइल सेल्युलोजचा लगदा मागच्या पानाच्या बाजूने लावून, वीस-वीस मिनिटांनी टिपकागदाने ओल काढत, पान कार्डापासून सोलायचं असतं. कार्ड पानापासून नव्हे. हे काम कागद-संवर्धकाकडून करून घ्या.

पण माझं मत विचाराल तर सगळी सोडवूच नका. हा अल्बम कुणीतरी लावलाय. मिकाडोच्या तिघींसमोर चिनी माणूस, आर्बकलच्या नकाशाखाली मांजरीचं पिल्लू, हा क्रम त्या घरातल्या मुलीने किंवा बाईने ठरवला. एकेक कार्ड सुटं झालं की तो क्रम गेला. आधी प्रत्येक पानाचा सरळ, वरून फोटो घ्या, पानाचा क्रमांक लिहा. अल्बमचा कागद आम्लयुक्त दिसतोय, कडा तपकिरी होऊन मोडताहेत. दोन पानांच्या मध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला, अल्बम आडवा ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या पीव्हीसीच्या नकोत, पॉलिएस्टरच्या चालतील. तळघरात नको. तांबूस ठिपके पडलेत तिथे ओल लागलीच होती.

भिंतीवर मूळ कार्ड लावू नका, उजेडाने आधी गुलाबी उडतो. चांगला स्कॅन करून छापील प्रत लावा. इतक्या जुन्या छपाईवर कुणाचा हक्क उरलेला नाही. किमतीची फार आशा नको. साध्या नमुन्याच्या कार्डाला चार-पाच डॉलरच्या पुढे क्वचित जातं, आर्बकलचा पुरा संच किंवा चिनीविरोधी कार्डं तेवढी महाग विकली जातात. ती कोण घेतं आणि कशासाठी, ते दोन्ही तऱ्हांनी बघितलंय, म्हणून चिनी माणसाचं पान मी तुमच्या जागी विकायला काढणार नाही. कुठल्या तरी ग्रंथालयाला द्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफरसन बर्डिक नावाच्या एका कारखान्यातल्या कामगाराने दिलेला तीन लाखांहून जास्त छापील चिठ्ठ्या-कार्डांचा संग्रह आहे. ही असली चिटोरी तिथे नीट क्रमांक लावून ठेवलीत.

मुलीला सांगा, तिचं निदान बरोबर आहे, फेकून देण्याचा उपाय तेवढा नको. आणि तिलाच एक काम द्या. ‘हिंदू’ बाईच्या कार्डाचा उजवा खालचा कोपरा पानावरून सुटलाय. तिथे ओढाताण न करता, खोलीतला दिवा घालवून, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरायला सांगा आणि मागच्या बाजूचा फोटो घ्या. मला स्कॅनमध्ये कागद उचललेल्या फटीत मोठ्या काळ्या टाइपातली तीनच अक्षरं दिसताहेत, ‘ओ’, ‘व्ही’, ‘ई’. माझा अंदाज स्टोव्ह पॉलिशचा, म्हणजे लोखंडी शेगडीला काळं करायच्या लेपाचा. पूर्ण शब्द दिसला तर कळवा, आणि दुकानाच्या गावाचं नाव असेल तर तेही.